इशींचे शिष्य

अमेरिकेत आधुनिक काळातील धनुष्यबाणाच्या शिकारीचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते डॉ. सॅक्स्टन पोप पेशाने शल्यविशारद होते. त्यांचा जन्म १८७५ मध्ये टेक्सास राज्यात झाला. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात ते शल्यचिकित्सा शिकवू लागले.

रुग्णालयाशेजारीच विद्यापीठाचे मानववंशशास्त्र संग्रहालय होते आणि तेथे इशी राहत. याही जमातीचे हे अखेरचे वंशज. सोन्याच्या शोधार्थ आलेल्या गोऱ्या वसाहतकारांनी त्यांच्या जमातीचा संहार केला होता. अनेक वर्षे डोंगरांत लपून काढल्यावर १९११ च्या ऑगस्टमध्ये ते ओरोव्हिल गावी एकाकी अवस्थेत सापडले. त्यांनी स्वतःचे नाव कोणालाही सांगितले नाही. याही भाषेत इशी म्हणजे केवळ माणूस.

पोप त्यांचे वैद्य होते, तसेच शिष्यही झाले. धनुष्य घडविणे, काचेसारख्या ज्वालामुखी दगडाचे टोक तासणे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने सावजाजवळ जाणे, सशाचा आवाज काढून श्वापदांना बोलावणे, हे सारे पोप इशींकडून शिकले. १९१४ मध्ये इशींसह काही मंडळी त्यांच्या डिअर क्रीकच्या मायभूमीत गेली. त्यांत पोपही होते.

२५ मार्च १९१६ रोजी क्षयाने इशींचे निधन झाले. संग्रहालयाचे प्रमुख आल्फ्रेड क्रोबर यांनी दुरून पत्राद्वारे शवविच्छेदनास विरोध कळविला होता. पण पत्र उशिरा पोहोचले. विच्छेदन झाले, मेंदूही काढून घेण्यात आला. मित्र म्हणविणाऱ्या पोप यांनी ते थांबविले नाही. चितेवर इशींसोबत त्यांचे धनुष्य व बाण ठेवण्यात आले. मेंदू मात्र पुढे क्रोबर यांनीच स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविला. तो इशींच्या आप्तजमातींच्या स्वाधीन होण्यास २००० साल उजाडावे लागले.

पोप यांनी ही विद्या जिवंत ठेवली. १९२० मध्ये आर्थर यंग यांच्यासह त्यांनी यलोस्टोनमध्ये संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वले बाणाने मारली. १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये ते आफ्रिकेत सिंहांच्या शिकारीस गेले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, न्यूमोनियाने निवर्तले. १९६१ मध्ये धनुर्धारी शिकाऱ्यांनी आपल्या संघटनेला पोप आणि यंग यांचे नाव दिले.

युरोपीय रानडुकरे कॅलिफोर्नियात सोडली गेली ती १९२० च्या दशकात. इशींनी ती कधी पाहिली नसावीत. तरीही आज तेथील टेकड्यांत रानडुकराच्या मागावर धनुष्य घेऊन निघालेला शिकारी आधी वारा पाहतो आणि जनावर अगदी जवळ येईपर्यंत बाण रोखून धरतो. हा धडा त्याच्यापर्यंत आला तो पोप यांच्यामुळे. पण संघटनेच्या नावात पोप यांच्या गुरूला स्थान नाही.