केडगावच्या पंडिता रमाबाई



शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला गेलो, की केडगाव जवळच. दौंडहून पुण्याला जाणाऱ्यांना ते स्टेशन रोजचे. तिथल्या मुक्ती मिशनचे नाव आपण लहानपणापासून ऐकले. इतिहासाच्या पुस्तकात रमाबाईंवर दोन ओळी होत्या आणि परीक्षेला तेवढ्या पुरायच्या. पुस्तकाबाहेरच्या रमाबाई मला चाळिशीनंतर भेटल्या.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी भटकत त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला, पण १८८२ मध्ये तेही कॉलऱ्याने वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज काढला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वॉन्टेजच्या मठात राहिल्या आणि तिथेच बाप्तिस्मा घेतला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडमध्ये एक मराठी विधवा शिक्षिका! त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. धर्म स्वीकारला तरी शंका विचारणे त्यांनी सोडले नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, तर तसे त्यांनी लिहून कळवले. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, आमची संस्कृत काय कमी आहे, असेही विचारले. त्यांना लेकीसारखे मानणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना हा उद्धटपणा वाटे.

१८८९ मध्ये परतून त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखेही दूर झाले. इकडे त्या धर्म बुडवणाऱ्या ठरल्या आणि तिकडे हट्टी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावच्या माळावर वसवल्या. तिथे शेती, विणकाम, छापखाना सुरू झाला.

त्याच माळावर, उतारवयात, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ भाषांतून बायबल मराठीत आणले. खेड्यातल्या, थोडेच शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे, म्हणून भाषा सोपी ठेवली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे आश्रमातल्या बायकांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरीही रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

मी ख्रिस्ती नाही आणि त्यांच्या धर्मांतराबद्दल आपल्यात मतभेद असतील. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मराठी माध्यमातली मी इंग्रजी व्याख्याने नुसती उतरवून घेत असे. समजले का, असे विचारले की मान डोलवायची. मार्क मिळाले, पण चार वर्षांत एक शंका विचारली नाही. पुढे नोकरीतही, मीटिंगमध्ये न कळलेल्या गोष्टीला हो म्हणून मी महिनाभराचे काम दोनदा केले आहे. ज्यांनी आसरा दिला त्यांनाच पटत नाही असे सांगणाऱ्या रमाबाई वाचताना म्हणूनच मला माझी लाज वाटली.

आपल्या वर्गातही ‘समजलं का?’ म्हटले की सगळे एका सुरात ‘हो बाई’ म्हणायचो. बाई, या भेटीत विचाराल तर खरे सांगते. दहावीतले ते वर्तुळाचे प्रमेय मला तेव्हा कळलेच नव्हते.