कै. रेव्ह. नारायण वामन टिळक

शहापूर-मुरबाडकडील मुलांस दोन वाटा चांगल्या परिचयाच्या आहेत. एक आसनगांव स्टेशनावरून कसाऱ्याचा घाट चढून नाशिकास जाते. दुसरी कल्याणाहून निघून मुरबाडावरून माळशेज घाट चढते आणि पुढें अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, पोंचते. ज्या कवीचें चरित्र येथें सांगावयाचें योजिलें आहे, त्यांचें शाळेंतील पहिलें शिक्षण या दोन्ही वाटांच्या मुळाशीं, कल्याणास झालें. संस्कृताचें अध्ययन एका वाटेच्या टोंकास, नाशिकास झालें. आणि आयुष्यांतील अत्यंत भरीचीं वर्षें दुसरीच्या टोंकास, नगरास गेलीं.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. १८६८ पासून १८७३ पर्यंत ते कल्याणच्या शाळेंत होते. आईचें छत्र लवकर हरपलें, आणि पुढें ते नाशिकास आले. तेथें गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकून त्यांनीं उत्तम व्युत्पत्ति संपादन केली. दोन वर्षें इंग्रजी शाळेंतहि काढलीं. पण मॅट्रिकची परीक्षा कांहीं झाली नाहीं. त्यानंतरचीं कित्येक वर्षें भटकंतीचींच म्हणावीं लागतील. कोठें शिक्षक, कोठें पुराणिक, कोठें छापखान्यांत खिळे जुळविणारा, असे अनेक धंदे त्यांनीं केले. पैसा हातीं आला कीं तो हातीं टिकत नसे, आणि गांवहि टिकत नसे. या अस्थिर संसाराची झळ जिनें सोसली ती त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळीं ती अकरा वर्षांची होती आणि तिला अक्षरओळखहि नव्हती.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास राहून संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचें काम करूं लागले. ‘ऋषि’ नांवाचें एक मासिकहि त्यांनीं चालविलें. तें अल्पायुषी ठरलें. धर्माविषयीं त्यांचे मनांत मोठी खळबळ चालू होती. जातिभेदानें देशाचें अकल्याण होत आहे असें त्यांस वाटे, आणि या देशास साजेल असा नवा धर्म आपणच रचावा, असेहि विचार त्यांनीं केले होते.

अशा मनःस्थितींत १८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळीं गोऱ्या उतारूकडून हिंदी मनुष्यास डब्यांत कशी वागणूक मिळे, तें आपल्या आजोबा-पणजोबांनीं सांगितलेलें असेल. या गृहस्थानें मात्र आदरानें जागा दिली, संस्कृत काव्याविषयीं बोलणें काढलें आणि शेवटीं नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं ठेवली. हें पुस्तक मनापासून वाचलेंत तर दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेंहि तो बोलून गेला. टिळकांस तें बोलणें विलक्षण वाटलें. पण पुस्तक वाचण्याचें वचन त्यांनीं दिलें होतें, व केवळ तें पाळण्यासाठीं ते वाचावयास बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचन येईपर्यंत त्यांचें मन लागलें नव्हतें. तें प्रवचन आल्यावर पुस्तक हातांतून खालीं ठेववेना.

आज एखादें शास्त्रवचन मोबाईलवरून शंभर जणांस पाठविण्यास क्षणहि लागत नाहीं. त्या गृहस्थानें एकच पुस्तक एकाच मनुष्यास दिलें. परंतु देण्यापूर्वीं त्यानें त्या मनुष्याशीं संभाषण केलें होतें, त्याची आवड काय आहे हें ओळखलें होतें. हा फरक मला लहान वाटत नाहीं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थानें सांगितलेली दोन वर्षांची मुदत अद्याप संपावयाची होती. लक्ष्मीबाई त्या वेळीं नातलगांकडे होत्या. ही वार्ता कळल्यावर त्यांच्यावर जो आकाश कोसळल्यासारखा प्रसंग आला, तो ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहेच. लहानग्या दत्तूस घेऊन चार-पांच वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. टिळकांच्या थोरवीबद्दल लिहितांना हें दुःख झांकून ठेवणें योग्य नव्हे. एवढें मात्र खरें कीं, पुढें दोघें पुनः एकत्र आलीं तेव्हां टिळकांनीं धर्माच्या बाबतींत पत्नीवर बळजबरी केली नाहीं. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें, सोवळें-ओवळें सर्व चालूं दिलें. जाति हीं माणसांचीं करणीं आहेत, देवाचीं नव्हेत, हें तिला एके दिवशीं आपल्याच विचारानें उमगलें, आणि १९०० सालीं तिनेंहि बाप्तिस्मा घेतला.

नगरास टिळक मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवीत असत. तेथें त्यांच्या लक्षांत आलें कीं, आपल्या ख्रिस्ती मंडळींचीं गीतें शब्दांनीं मराठी असलीं तरी चालीनें व वळणानें परकीं आहेत. शेतांतील बाईच्या ओठीं तीं सहज येत नाहींत. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाणीवर त्यांचा पिंड पोसला होता. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें ते मानीत. म्हणून त्यांनीं अभंग रचले, हरिदासी थाटावर ख्रिस्ती कीर्तनें केलीं. शंभराहून अधिक भक्तिगीतें त्यांनीं मंडळीस दिलीं, आणि खेड्यापाड्यांतील उपासनेंत तीं आजहि गाइलीं जातात. मुलें, फुलें व पांखरें यांवर लिहिलेल्या त्यांच्या कविता तर सर्व महाराष्ट्रानें आपल्या मानल्या. बालकवि ठोमरे यांस त्यांनीं नगरास आपल्या घरीं पुत्रवत् ठेवून घेतलें. बालकवि अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यावरून उभयतांच्या प्रेमांत उणें आलें नाहीं.

१९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचें संपादकत्व त्यांजकडे आलें. हें पत्र अमेरिकन मराठी मिशननें १८४२ सालीं सुरू केलेलें. मृत्यूपर्यंत टिळकांनीं त्यांतून आपल्या श्रद्धेचें चिंतन वाचकांपुढें मांडलें, आणि ख्रिस्ती माणसानें देशापासून तुटून राहूं नये हें पुनःपुनः बजाविलें. मिशनवर टीका करण्यासहि ते कचरले नाहींत.

एक शल्य मात्र त्यांस बोंचत असे. मिशनकडून पगार घेऊन ख्रिस्ताविषयीं बोलणाऱ्यास ऐकणारे लोक पगारी नोकर समजत. जें आपणांस फुकट मिळालें, तें वेतन घेऊन कसें वाटावें? अखेर १९१७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं तें वेतन सोडलें, संन्यस्त वृत्ति पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्व या दरबारांत बंधु म्हणून बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. कित्येक जुन्या सहकाऱ्यांस ती रुचली नाहीं. घरची ओढाताण तर होतीच. ती नेहमींप्रमाणें लक्ष्मीबाईंच्या वांट्यास आली.

दरबार नीट उभा राहण्यास अवधि मिळाला नाहीं. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें.

ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहिण्यास त्यांनीं आरंभ केला होता. थोडेच अध्याय होऊन तें अपुरें राहिलें. तें पुढें चालविलें लक्ष्मीबाईंनीं, जिला नवऱ्यानें घरीं मुळाक्षरें गिरवावयास लाविलीं होतीं तिनें. चौसष्ट अध्याय त्यांनीं रचले. १९३६ सालीं त्या वारल्या, तेव्हां शेवटचा अध्याय राहिला होता. तो दत्तूनें, म्हणजे देवदत्त टिळकांनीं, पुरा केला, आणि १९३८ सालीं ग्रंथ छापून बाहेर पडला.