सुब्बाराव : औषध जगाला, श्रेय इतरांना

केमोथेरपी सुरू झालेल्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस आदी क्षारांवर डॉक्टरांचे बारीक लक्ष असते. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने नष्ट होऊ लागल्या, की त्यांतील फॉस्फरस रक्तात उतरतो, कॅल्शियम घटते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. हा फॉस्फरस मोजण्याची पद्धत आणि केमोथेरपीतील एक आद्य औषध, या दोन्हींमागे एकच भारतीय नाव आहे. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तेव्हाच्या मद्रास प्रांतातील भीमावरमचा. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना ते खादी घालून शस्त्रक्रियागृहात गेले. इंग्रज प्राध्यापकाचा रोष ओढवला आणि एमबीबीएसऐवजी कनिष्ठ दर्जाच्या एलएमएसवर समाधान मानावे लागले. १९२३ मध्ये पत्नीला मागे ठेवून ते बोस्टनला गेले, ते कायमचेच. हार्वर्डमध्ये शिकताना चरितार्थासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीत वॉर्डबॉयची कामे केली.

सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये फॉस्फरस मापनाची पद्धत प्रसिद्ध केली. मॉलिब्डेटच्या विक्रियेतून निळा रंग उमटतो. रंग जितका गडद, तितका फॉस्फरस अधिक. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती अनेक दशके वापरली. याच मापनातून पुढे स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये पेशींचे इंधन असलेले एटीपी हाती लागले. एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायम केले नाही. फिस्के यांनी मत्सरापोटी सुब्बारावांचे काही संशोधन दडवले, असे त्यांचे सहकारी आणि पुढे नोबेलविजेते ठरलेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर सांगितले.

१९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तेथे त्यांच्या पथकाने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. मात्र या गटातील संयुगे दिल्यावर ल्युकेमिया उलट बळावतो, असे बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आले. मग फॉलिक आम्लाचा मार्ग रोखणारे औषध का नको? लेडर्लेने अमिनोप्टेरिन बनवले. फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या १६ बालरुग्णांना दिले. १० जणांत सुधारणा दिसली. ती तात्पुरतीच होती, पण औषधाने हा आजार मागे हटतो हे प्रथमच सिद्ध झाले. हे निष्कर्ष जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि फार्बर आधुनिक केमोथेरपीचे जनक ठरले. सुब्बारावांचे ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे झोपेतच निधन झाले. वय अवघे ५३.

अमिनोप्टेरिनची जागा पुढे त्याच कुळातील मेथोट्रेक्सेटने घेतली. ते आजही ल्युकेमियावर, तसेच अल्प मात्रेत संधिवातावर दिले जाते. विदर्भात हत्तीरोगाविरुद्ध घरोघरी वाटल्या गेलेल्या डीईसीच्या गोळ्याही लेडर्लेतील त्यांच्याच विभागाची देणगी.