पापण्या घडविणारा शल्यविशारद

हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १८८२ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये त्यांच्याकडे येणाऱ्या पुष्कळ सैनिकांच्या चेहऱ्यावरील जखमा घाईने ओढून शिवलेल्या असत. व्रण आकसे, पापणी ओढली जाई, डोळा मिटेनासा होई. गिलीज तो व्रण पुन्हा उकलीत, उरलेले भाग मूळ जागी नेत आणि मगच उणी त्वचा बसवीत. १९१६ च्या जटलंडच्या नाविक युद्धात पापण्या गमावलेल्या वॉल्टर येओ या खलाशास त्यांनी १९१७ साली सिडकपच्या रुग्णालयात छातीवरील त्वचेच्या नव्या पापण्या दिल्या. रूप पूर्ववत झाले नाही. तेथील खोल्यांत आरसे ठेवीत नसत, हे वाचून आम्ही क्षणभर थांबलो. अठ्ठ्याहत्तरी गाठूनही गिलीज शस्त्रक्रिया करीतच होते. १९६० साली ते निवर्तले.