सवंगड्यांचा राजा : असिसीचा फ्रान्सिस

शाळेच्या प्रत्येक वर्गांत एखादा तरी मुलगा असा असतो कीं, मधल्या सुट्टींत सर्वांचा घोळका त्याच्याभोंवतीं जमतो. कोणी खेळांत तरबेज असतो, कोणी गाण्यांत. कोणाच्या खिशांत पैसे खुळखुळत असतात, तर कोणी दुसऱ्याच्या अडचणीस धांवून जाणारा असतो. या सर्वांना आपण लोकप्रिय हा एकच शब्द लावतों. परंतु लोकप्रियतेचे प्रकार निरनिराळे आहेत आणि पुढील आयुष्यांत त्यांचीं फळेंही निरनिराळीं येतात. ही गोष्ट ज्याच्या चरित्रांत स्पष्ट दिसून येते, अशा एका थोर पुरुषाची ओळख आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना करून देऊं इच्छितों.

इटली देशाच्या उंब्रिया प्रांतांत डोंगराच्या उतारावर असिसी नांवाचें शहर आहे. तेथें ११८१ किंवा ११८२ सालीं फ्रान्सिसचा जन्म झाला. त्याचा बाप पिएत्रो बेर्नार्दोने हा कापडाचा मोठा व्यापारी होता व व्यापारानिमित्त तो फ्रान्स देशीं जात असे. मुलाच्या जन्माच्या वेळीं तो घरीं नव्हता. आईनें मुलाचें नांव जोव्हान्नी ठेविलें. पण परत आल्यावर बापानें तें बदलून फ्रान्सेस्को असें केलें. शाळेंत बेताचेंच शिक्षण घेऊन मुलगा बापाच्या दुकानांत बसूं लागला.

दिवसा दुकान आणि रात्रीं मेजवान्या, असा त्याचा क्रम होता. त्याचा पोशाख उंची, गळा गोड आणि हात सढळ. फ्रेंच गाणीं म्हणत तो सवंगड्यांसह रात्रीं शहरभर हिंडे आणि खर्च बहुधा त्याच्याच थैलींतून होई. साहजिकच गांवांतील तरुणांचा तो पुढारी झाला. मुलगा व्यापाऱ्याचा नव्हे तर राजपुत्राचा शोभतो, असें आईबाप कधीं कधीं म्हणत. पण त्यांनीं त्याला आवरलें मात्र नाहीं. सरदारांच्या मुलांत आपल्या मुलास मान मिळतो, याचें त्यांना कौतुकच वाटत असावें.

परंतु या उधळ्या तरुणाच्या ठिकाणीं आणखी एक गुण होता. एकदां दुकानांत गर्दी असतां एक भिकारी भिक्षा मागत आला व फ्रान्सिसनें त्याला घालवून दिलें. लगेच त्याचें मन त्याला खाऊं लागलें आणि त्यानें भिकाऱ्यास गांठून भिक्षा दिली. ११०२ नंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे १२०२ सालीं, शेजारच्या पेरूजा शहराशीं असिसीचें युद्ध झालें. त्यांत असिसीचा पराभव होऊन फ्रान्सिस कैद झाला व सुमारें एक वर्ष बंदींत पडला. त्या कैद्यांत एक सरदार इतका गर्विष्ठ व तिरसट होता कीं, बाकीच्यांनीं त्याला वाळींत टाकलें होतें. फ्रान्सिसनें मात्र त्याचा स्वभाव सोसला, त्याच्याशीं बोलणें चालू ठेविलें आणि अखेरीस सर्वांचा समेट घडवून आणला. बंदिवासांत मेजवानी देतां येत नाहीं व उंची पोशाखही मिरवितां येत नाहीं. तेथें त्यानें जीं मनें जिंकलीं, तीं बापाच्या पैशानें नव्हेत.

सुटका झाल्यावर तो दीर्घ काळ आजारी पडला. बरा झाल्यावर शूर योद्धा म्हणून कीर्ति मिळवावी या हेतूनें तो दक्षिण इटलींतील युद्धास निघाला. परंतु स्पोलेतो येथूनच परतला. मित्रांनीं पूर्वीप्रमाणें त्याला मेजवानीचा राजा केलें. पण हातांत राजदंड घेऊन चालतां चालतां तो विचारांत गढून मागें राहूं लागला. पुढें एके दिवशीं वाटेंत त्याला एक कुष्ठरोगी भेटला. त्या काळीं त्या रोगावर इलाज नव्हता आणि रोग्यांना गांवाबाहेर राहावें लागे. फ्रान्सिसला लहानपणापासून त्यांची किळस येई. तरी तो घोड्यावरून उतरला, रोग्यास पैसे दिले व त्याच्या हाताचें चुंबन घेतलें.

यानंतर सॅन दामियानो येथील पडकें देऊळ दुरुस्त करण्यासाठीं त्यानें दुकानांतील कापड व स्वतःचा घोडा फोलिन्यो गांवीं विकला. बाप संतापला. मेजवान्यांवर होणारा खर्च ज्यानें चालवून घेतला, त्याला हा खर्च मात्र खपला नाहीं! यांत फ्रान्सिसचें सर्वस्वीं बरोबर होतें असें आम्ही म्हणत नाहीं. माल बापाचा होता आणि त्याला न विचारतां विकलेला होता. १२०६ च्या सुमारास बिशप ग्वीदो यांच्यापुढें या तंट्याचा निकाल झाला. फ्रान्सिसनें पैसे परत केलेच, शिवाय अंगावरचीं वस्त्रेंही काढून बापापुढें ठेविलीं. ज्या गांवानें त्याला डोक्यावर घेतलें होतें, त्याच गांवाचे लोक आतां त्याला वेडा ठरवून चिखल व दगड मारूं लागले. थैली बंद झाली त्या दिवशींच पहिली लोकप्रियता संपली.

ती संपली तरी तिचा डंख राहिला होता. देवळांतील दिव्यासाठीं तेल मागावयास तो एका घराशीं गेला, तों दारांत कांहीं माणसें मौजेनें खेळत असलेलीं दिसलीं. त्यांच्यासमोर भीक मागण्याची त्याला लाज वाटली व तो मागें फिरला. थोड्याच अंतरावर तो थांबला, स्वतःचा धिक्कार करून परत आला, सर्वांसमोर आपली लाज त्यानें बोलून दाखविली आणि मग तेल मागितलें. आमच्या मतें कुष्ठरोग्यास भेटण्याइतकेंच हें धैर्य मोठें आहे. कारण चार लोक काय म्हणतील ही भीति लोकप्रिय माणसाला सर्वांत अधिक असते.

१२०८ मध्यें बेर्नार्दो नांवाचा एक श्रीमंत नागरिक आपली सर्व संपत्ति गरिबांना वांटून त्याला येऊन मिळाला. आणखी कांहीं जण आले आणि १२०९ मध्यें पोप तिसरा इनोसंट यांनीं त्यांच्या नियमास तोंडी मान्यता दिली. मंडळीचें नांव ठरलें ‘धाकटे बंधु’. जो सर्वांचा नायक होता, त्यानें धाकटेपण पत्करलें! १२१२ मध्यें क्लारा ही सरदारकन्या त्याच मार्गास लागली. १२१९ मध्यें क्रूसेडचें युद्ध चालू असतां तो मिसर देशांत सुलतान अल्-कामिल याच्या छावणींत निःशस्त्र गेला. सुलतानानें त्याचा आदर करून त्याला सुखरूप परत पाठविलें. तिरसट कैद्याशीं बोलणारा तरुणच येथें पुन्हां दिसतो. त्याच्या संघाचे साधु पुढें सोळाव्या शतकांत गोव्यांत व वसईसही आले.

तारुण्यांतील गुण त्यानें टाकून दिले नाहींत. गाणें राहिलें, आनंदी वृत्ति राहिली, सढळपणा राहिला. पण त्यांचा रोख बदलला. मात्र स्तुतीची गोडी किती घातक असते हें अनुभवानें ठाऊक असल्यामुळें, लोक फार वाखाणूं लागले कीं, तो एखाद्या सोबत्यास आपले दोष तोंडावर सांगावयास लावी. १२२० मध्यें त्यानें संघाचें प्रमुखपदही सोडलें.

शेवटच्या आजारांत त्याची दृष्टि जवळजवळ गेली होती. त्याचा अंत दुसऱ्या गांवीं होऊं नये म्हणून असिसीकरांनीं त्याला आणावयास घोडेस्वार पाठविले. वाटेंत सात्रियानो गांवीं स्वारांना पैसे देऊनही अन्न मिळेना. फ्रान्सिसनें त्यांना पैशाचा भरंवसा सोडून देवाच्या नांवानें दारोदार मागावयास सांगितलें. तसें करतांच अन्न भरपूर मिळालें. ३ ऑक्टोबर १२२६ रोजीं, वयाच्या सुमारें पंचेचाळिसाव्या वर्षीं, असिसीजवळ तो देवाघरीं गेला. दोनच वर्षांनीं, १२२८ मध्यें, त्याला संतपद देण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रहो, लोकांना आपण आवडावें असें वाटणें हें पाप नव्हे. पण आपणांस लोक कशासाठीं जवळ करतात, हें अधूनमधून तपासून पाहावें. आपल्या वर्गांत ज्याच्याशीं कोणी बोलत नाहीं, अशा मुलाच्या शेजारीं आपण बसतों काय? आणि पालकांनींही मुलाला मित्र किती आहेत एवढेंच न पाहतां, ते त्याला कोणत्या गुणामुळें मिळाले आहेत हें पाहावें. पिएत्रोच्या थैलीनें मिळविलेले सोबती थैलीबरोबर गेले. पेरूजाच्या बंदींत दिसलेला गुण मात्र फ्रान्सिसला जन्मभर पुरला.