साने गुरुजी : 'श्यामची आई' तुरुंगात कशी लिहिली गेली?

फेब्रुवारी १९३३. नाशिकच्या तुरुंगात तेहतीस वर्षांचा एक सत्याग्रही शिक्षक आईच्या आठवणी लिहायला बसला. ९ तारखेला सुरुवात झाली आणि १३ तारखेला पहाटे लेखन थांबलं. 'श्यामची आई' या पुस्तकाचा बहुतेक भाग या चार-पाच दिवसांतला आहे. ते १९३५ साली प्रसिद्ध झालं.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगडला झाला. घराणं खोताचं, पण पुढे कर्जापायी दारिद्र्य आलं. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. १९१७ साली आई गेली, तेव्हा ते तिच्याजवळ नव्हते.

१९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि वसतिगृहही सांभाळू लागले. मुलांची आजारपणं काढायची, त्यांच्या खोल्या आवरायच्या, रोज त्यांच्यासाठी हातानं लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचं, असा क्रम होता. पुस्तकातला श्यामही आश्रमातल्या सोबत्यांना प्रार्थनेनंतर एकेका रात्री आपलं लहानपण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. मुलांपुढे बोलायची सवय झालेल्या माणसाचीच ही भाषा आहे.

रडवणारं पुस्तक म्हणून त्याची ख्याती झाली, ती काहीशी अपुरी. श्याम काही गुणी बाळ नाही. तो पुस्तकासाठी पैसे चोरतो, पोहायला घाबरून लपून बसतो. आई त्याला शिंपटीनं झोडपून विहिरीवर धाडते आणि मग तिचेच डोळे भरून येतात.

एका प्रसंगात लाकडाची मोळी डोक्यावर घेता न येणारी एक दलित म्हातारी रस्त्यात बसलेली असते. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते, पण नंतर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळच्या घरातली आई जिथवर जाऊ शकत होती, तिथवर ती गेली. लेखकानं ती आंघोळ झाकली नाही, हे विशेष.

मुलगा त्यापुढे गेला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ पासून उपोषण केलं. विरोध कडवा होता. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, ते मंदिराची दारं उघडणार हे ठरल्यावरच.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. पण गांधीहत्येनंतर मन खचलं होतं. ११ जून १९५० रोजी, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं.

तीन वर्षांनी आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं. ते पाहायला गुरुजी नव्हते.