गॅरी किल्डॉल: छोट्या कॉम्प्युटरवर अनेकांना बसवणारा माणूस

फोनवर गाणं चालू असतं, मागे फोटोंचा बॅकअप चाललेला असतो आणि त्यातच यूपीआयने पैसे आल्याचं नोटिफिकेशन वाजतं. प्रोसेसरचे कोअर मोजके आणि कामं शेकडो, मग हे जमतं कसं?

बारामती-इंदापूरच्या मित्रांना हे सांगायला मी नेहमी नीरा डावा कालवा वापरतो. पाणी एकच, शेतं हजारो, म्हणून पाळी. तुमची वेळ झाली की दार बंद आणि पुढच्याचं उघडं. कॉम्प्युटरमध्ये पाटकऱ्याचं हे काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. फक्त तिथली पाळी दिवसांची नसते, सेकंदाच्या बारीकशा तुकड्याची असते, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की पाणी आपल्यालाच चालू आहे.

मोठ्या, महागड्या मशीनवर ही युक्ती १९६० च्या दशकातच आली होती. ती टेबलावर मावणाऱ्या स्वस्त कॉम्प्युटरपर्यंत आणणाऱ्यांत गॅरी किल्डॉल हे मोठं नाव. तुमच्यापैकी फार थोड्यांनी ते ऐकलं असेल.

गॅरीचा जन्म १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटलचा. घरची जहाजविद्येची शाळा होती, तिथे तो शिकवायचासुद्धा. पुढे कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी केली आणि कॅलिफोर्नियात माँटेरेच्या नौदल महाविद्यालयात शिकवायला लागला. इंटेलचे पहिले मायक्रोप्रोसेसर आले तेव्हा अनेकांना ते यंत्रं चालवणारे साधे सुटे भाग वाटत होते. गॅरीला त्यात अख्खा कॉम्प्युटर दिसला. त्याने इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा लिहिली आणि १९७४ मध्ये फ्लॉपी डिस्क सांभाळणारी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली. इंटेलला तिच्यात रस वाटला नाही. मग त्याने आणि त्याची बायको डोरोथी हिने स्वतःच कंपनी काढली. सुरुवातीचं नाव होतं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च!

त्याची खरी करामत मला वाटते ती अशी, की त्याने हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. नवीन कंपनीचं मशीन आलं की फक्त तेवढाच भाग बदलायचा, बाकी सिस्टीम तशीच. त्यामुळे शेकडो प्रकारच्या मशीनवर एकच सॉफ्टवेअर चालू लागलं.

पण सीपी/एमवर एका वेळी एकच माणूस बसायचा. छोट्या धंद्यांची अडचण इथेच होती. म्हणून १९७९ मध्ये एमपी/एम आली, जिच्यामागे गॅरीचा सहकारी टॉम रोलँडर होता. एका मशीनला अनेक टर्मिनल जोडायची, डिस्क आणि प्रिंटर सगळ्यांचा एकच. मेमरी मात्र जेमतेम! त्या काळच्या प्रोसेसरला एका वेळी ६४ केबीच दिसायची, म्हणून मेमरीचे कप्पे आलटून-पालटून समोर आणायचे.

पाळी लावली की काम संपलं, असं समजू नका. साखर कारखान्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. एकाच सभासदाचं खातं दोन क्लार्कनी उघडलंय. एक उसाचं बिल जमा करतोय, दुसरा उचल वजा करतोय. दोघांनी जुनी शिल्लक वाचली, आपापला हिशोब केला आणि सेव्ह केलं. जो नंतर सेव्ह करेल त्याचाच आकडा राहणार, पहिल्याची नोंद गायब. बिचाऱ्या शेतकऱ्याला पत्ताही नाही! यावर उपाय म्हणजे लॉक, म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला ती नोंद बदलता येत नाही. १९८१ च्या एमपी/एम टू मध्ये ही सोय होती.

आता तो गाजलेला किस्सा. १९८० मध्ये आयबीएमची माणसं पीसीसाठी सिस्टीम मागायला आली आणि गॅरी विमान उडवत मजा मारत होता, असं आजही सांगतात. विमान उडवत होता हे खरं, पण रोलँडरसोबत ठरलेल्या कामाला गेला होता आणि त्याच दिवशी परतलाही. इकडे आयबीएमच्या गुप्ततेच्या एकतर्फी करारावर सही करायला डोरोथी तयार नव्हती. माझ्या मते तिचं बरोबरच होतं. सौदा अडला आणि मायक्रोसॉफ्टने सीपी/एमच्या धर्तीवर बनलेली दुसरीच सिस्टीम विकत घेऊन आयबीएमला दिली. गॅरीने तक्रार केल्यावर आयबीएमने त्याचीही सिस्टीम विकायला ठेवली. पण ती २४० डॉलरला आणि मायक्रोसॉफ्टची ४० ला! गिऱ्हाईक कुठे जाणार?

गॅरी पैशाने कमी पडला नाही, पण आयुष्यभर त्याला ‘संधी हुकलेला माणूस’ म्हणूनच ओळखलं गेलं आणि ते त्याला बोचत राहिलं. त्याने टीव्हीवर कॉम्प्युटरचा कार्यक्रम केला, सीडी-रॉमवर विश्वकोश आणला. १९९१ मध्ये कंपनी नॉव्हेलला विकली. ११ जुलै १९९४ ला, डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर, अवघ्या ५२ व्या वर्षी तो गेला.

२०१४ मध्ये त्याच्या जुन्या ऑफिसबाहेर आयईईई संस्थेने पाटी लावली. आणि विंडोजमध्ये अजून दिसणारं ‘सी ड्राइव्ह’ हे अक्षर सीपी/एममधूनच डॉसमध्ये आणि तिथून आपल्याकडे आलंय.